संध्याकाळी ग्रंथालयात कोण बसतं?

लखनौच्या विकास नगर, अलीगंज भागात ‘लायब्ररी’ अशी पाटी दिसली, तरी आत पुस्तकं असतीलच असं नाही. महिन्याचं शुल्क भरायचं, खुर्ची आणि दिवा मिळवायचा, पुस्तकं आपली आपण आणायची. पुण्यात याला अभ्यासिका म्हणतात, आणि ते नाव अधिक खरं आहे. गोमतीच्या याच तीरावर लखनौ विद्यापीठाचं टागोर ग्रंथालय आहे. कॅनबेरा शहराची आखणी करणारे वॉल्टर बर्ली ग्रिफिन १९३५ साली लखनौला आले, ते याच विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा आराखडा करायला. अभ्यासिका आणि ग्रंथालय यांतला फरक इमारतीत नाही. तो दिवेलागणीनंतर कळतो, आणि देखरेखीला कोण बसलं आहे यावर ठरतो, असं माझं म्हणणं आहे.

अनेक विद्यापीठ-ग्रंथालयांत पाचच्या सुमारास देवघेव बंद होते आणि वाचनकक्ष तेवढा उघडा राहतो. मग उरतो पहारेकरी. तो पिशव्या सांभाळेल, गोंगाट थांबवेल, पण ३३०.९५४ क्रमांकाचं, भारताच्या अर्थव्यवस्थेवरचं पुस्तक कुणी चुकून ३०३ च्या रांगेत खोचलं, तर ते त्याच्या लक्षात कसं यावं? जागा चुकलेलं पुस्तक कपाटात असूनही हरवलेलंच असतं. जाणता ग्रंथालयीन कर्मचारी असेल, तर रात्री टेबलांवर राहिलेली पुस्तकं जागेवर लावण्याआधी तो त्यांची नोंद करतो. घरी न नेता बसल्या जागी काय वाचलं जातं, हे फक्त त्या ढिगातून समजतं. देवघेवीच्या नोंदीत ते येत नाही. दिवसा नोकरी करून शिकणारा वाचक याच वेळी येतो. जोतीराव फुल्यांनी १८५५ साली पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली, ती हीच गरज ओळखून. पुस्तकं वापरासाठी असतात, हा नियम ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ मध्ये पहिला म्हणून मांडला. कुलपाच्या वेळा त्या नियमाला अपवाद नाहीत.

खर्चाचा आक्षेप नेहमीचा आहे. पण जिथे दिवे लागलेलेच आहेत आणि पहारेकऱ्याचा पगार चालूच आहे, तिथे भर पडते ती एका प्रशिक्षित माणसाची. त्याच्याविना बाकीचा खर्च निम्मा वाया जातो. दुसरा आक्षेप असा, की आता सगळं मोबाइलवर मिळतं. ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर प्रबंध आहेत, हे खरं. पण नेमका शब्द टाकून हवा तो प्रबंध काढायला नव्या विद्यार्थ्याला कुणीतरी शेजारी बसून दाखवावं लागतं. शिवाय वर्गणीची अनेक नियतकालिकं विद्यापीठाच्या आवारातल्या जोडणीवरच उघडतात. सर्वांत गंभीर आक्षेप मुलींच्या सुरक्षिततेचा, आणि तो मी हलका मानत नाही. मात्र त्यासाठी ग्रंथालय लवकर मिटलं, तर शिक्षा मुलींनाच होते. वसतिगृहाचं दार बंद होण्याची वेळ ग्रंथालयाच्या वेळेशी जुळवणं, वाटेवर उजेड ठेवणं, काउंटरवर जबाबदार व्यक्ती असणं, हा त्यावरचा उपाय आहे. उन्हाळ्यात तर लखनौची दुपार लूच्या उष्ण वाऱ्याने भाजून निघते. वाचनाची खरी वेळ संध्याकाळच असते.

तुमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात एकदा सातनंतर जा. एखादं पुस्तक मागा. ते शोधून द्यायला तिथे कुणी नसेल, तर ग्रंथालय समितीला लेखी कळवा.