डोंगराचा घसारा कोण मोजणार?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



राष्ट्राची अर्थव्यवस्था कोणासाठी चालवावयाची, हा प्रश्न भारतीय समाजवाद्यांना नवा नाही. १९३१ साली कराची येथील काँग्रेस अधिवेशनाने मूलभूत हक्क व आर्थिक धोरण यांविषयी ठराव केला. महत्त्वाचे उद्योग, खनिजसंपत्ती आणि रेल्वे यांवर राज्यसंस्थेची मालकी अथवा नियंत्रण असावे, असे त्यात म्हटले होते. संविधानाच्या ३९ व्या अनुच्छेदात हाच विचार मार्गदर्शक तत्त्व म्हणून आला. समाजाच्या भौतिक साधनसंपत्तीचे वाटप सर्वांच्या हिताला उपकारक व्हावे आणि संपत्ती मूठभरांच्या हाती एकवटू नये, असा त्याचा आशय आहे. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने ४८-अ हा अनुच्छेद जोडून पर्यावरणाचे व वनांचे रक्षण हेही राज्याचे कर्तव्य ठरविले. आधी माणूस व निसर्ग, मग नफा, ही दृष्टी या देशाला परक्याकडून उसनी आणावयाची नाही. ती राष्ट्राच्या मूळ दस्तऐवजात आहे. मग व्यवहारात ती पावलोपावली पराभूत का होते, याचा शोध घेतला पाहिजे. त्यासाठी एका डोंगराची कहाणी उपयोगी पडेल.

ओडिशातील रायगडा व कालाहांडी या जिल्ह्यांच्या सीमेवर नियमगिरीची रांग आहे. तेथे डोंगरिया कोंध ही आदिवासी जमात राहते. डोंगराचा स्वामी नियमराजा, ही तिची श्रद्धा. डोंगरमाथ्यावर बॉक्साइटचा थर असून त्याचा साठा सुमारे सात कोटी टन असल्याचा अंदाज होता. बॉक्साइटचा हा सच्छिद्र थर पावसाचे पाणी धरून ठेवतो आणि उन्हाळ्यातही झरे वाहते ठेवतो. पायथ्याशी लांजीगड येथे वेदांत कंपनीने ॲल्युमिना शुद्धीकरणाचा कारखाना उभारला. क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. खाणीला मंजुरी मिळण्यापूर्वीच कारखाना उभा राहिला. कोट्यवधी रुपये गुंतले, की मंजुरी रोखणे अवघड होते, हे भांडवलदारांचे जुने गणित त्यामागे होते.

२००६ च्या वनाधिकार कायद्याने हे गणित चुकविले. सक्सेना समितीच्या अहवालानंतर ऑगस्ट २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने वनजमिनीची मंजुरी नाकारली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १८ एप्रिल २०१३ रोजी न्यायालयाने आदेश दिला, की खाणीमुळे आदिवासींच्या धार्मिक व सांस्कृतिक हक्कांना बाधा येते काय, याचा विचार ग्रामसभांनी करावा. डोंगरावरील शंभराहून अधिक वस्त्यांपैकी राज्य सरकारने १२ गावे निवडली. जुलै-ऑगस्ट २०१३ मध्ये न्यायाधीशांच्या देखरेखीखाली सभा झाल्या आणि बाराही ग्रामसभांनी एकमताने खाण नाकारली. जानेवारी २०१४ मध्ये केंद्र सरकारने प्रकल्पावर शेवटचा नकार नोंदविला.

या घटनेचे पुष्कळ कौतुक झाले आणि ते यथार्थच आहे. परंतु अर्थशास्त्राच्या दृष्टीने तिच्यातून एक अडचणीचा प्रश्न उभा राहतो. राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात नियमगिरीची नोंद कशी झाली? डोंगर फोडला असता, तर काढलेले बॉक्साइट, त्यापासून झालेले ॲल्युमिना आणि त्याची वाहतूक या साऱ्यांची राष्ट्रीय उत्पन्नात भर पडली असती. डोंगर उभा राहिला, म्हणून त्याच्या झऱ्यांची व त्याने अडविलेल्या मातीची त्या हिशेबात काहीच नोंद नाही. त्याहून विलक्षण गोष्ट अशी, की स्थूल उत्पन्नातून निव्वळ उत्पन्न काढताना यंत्रांचा घसारा वजा केला जातो. दहा वर्षांत झिजणाऱ्या यंत्राची झीज मोजली जाते. लक्षावधी वर्षांत घडलेला डोंगर पंचवीस-तीस वर्षांत संपविला, तर त्याची झीज मोजली जात नाही. एखाद्या शेतकऱ्याने दरवर्षी एकेक एकर विकून आलेला पैसा पिकाचे उत्पन्न म्हणून लिहावा, असा हा प्रकार आहे. घरातील शहाणी माणसे अशा हिशेबाला दिवाळखोरी म्हणतील. राष्ट्राच्या पातळीवर त्याला वृद्धिदर म्हणतात. २०२५ साली संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने स्वीकारलेल्या नव्या हिशेबपद्धतीत नैसर्गिक संपत्तीची घट उत्पादनखर्चात धरण्याची तरतूद आली, हे स्वागतार्ह आहे. परंतु राज्यकर्त्यांचे लक्ष स्थूल आकड्यावरच खिळलेले असेल, तर निव्वळ आकडा पुस्तकातच राहील.

कंपनीच्या ताळेबंदालाही हाच न्याय लावून पाहावा. के. विल्यम काप या अर्थशास्त्रज्ञाने १९५० साली खासगी उद्योगाच्या सामाजिक खर्चावर ग्रंथ लिहिला. त्याच्या विवेचनाचा गाभा असा, की खासगी नफ्याचा मोठा भाग म्हणजे दुसऱ्यावर ढकललेला खर्च असतो. नासलेली नदी, कामगाराच्या छातीतील धूळ आणि आटलेली विहीर यांचे देयक कारखान्याकडे जात नाही. ते समाज भरतो. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांनी सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्चावी, असे ठरविले. परंतु खरा प्रश्न त्या दोन टक्क्यांचा नसून नफा म्हणून गणलेल्या शंभर टक्क्यांपैकी न भरलेली देणी किती, हा आहे. जे. सी. कुमारप्पांनी 'शाश्वत अर्थव्यवस्थे'वरील आपला ग्रंथ तुरुंगात लिहिला आणि तो १९४५ मध्ये प्रसिद्ध झाला. परोपजीवी व लुटारू व्यवस्थांपासून सेवेच्या व्यवस्थेपर्यंतची त्यांनी मांडलेली श्रेणी आज अधिकच अर्थपूर्ण वाटते.

येथे समाजवाद्यांना आत्मपरीक्षण टाळता येणार नाही. नियमगिरीची खाण वेदांतच्या कारखान्यासाठी असली, तरी ती चालविणार होते ओडिशा मायनिंग कॉर्पोरेशन हे सरकारी महामंडळ. २०१३ नंतरही हेच महामंडळ तो प्रश्न पुन्हा उघडण्यासाठी न्यायालयात गेले आणि २०१६ साली न्यायालयाने ती मागणी फेटाळली. मालकी सरकारी झाली, म्हणजे साधनसंपत्ती लोकांची झाली, ही समजूत अपुरी आहे. कोयना धरण सरकारनेच बांधले. त्या धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचे लढे पिढ्यानपिढ्या चालले, हे महाराष्ट्रातील कार्यकर्त्यांना सांगावयास नको. सरकारी मालकीला खालच्या लोकशाहीची जोड नसेल, तर सरकार हे कंपनीचे मुकादम बनते. डॉ. राममनोहर लोहियांनी गाव, जिल्हा, प्रांत व केंद्र अशा चौखंबा राज्याचा आग्रह धरला, त्याचे आर्थिक मर्म हेच आहे. साधनसंपत्तीविषयीच्या निर्णयाचा एक खांब गावात रोवला गेला पाहिजे.

तो खांब अद्याप किती कच्चा आहे, हे नियमगिरीच्या शेजारीच दिसते. नियमगिरी वाचली, लांजीगडचा कारखाना मात्र इतरत्र मिळणाऱ्या खनिजावर चालू राहिला. कोरापुटमधील कोडिंगामाळीची खाण २०१८ मध्ये सुरू झाली. २०२३ साली सिजीमाळी या डोंगराच्या लिलावात वेदांतचीच बोली सरस ठरली आणि तेथील ग्रामसभांचे ठराव खरे की बनावट, यावरून गावकरी व प्रशासन यांच्यात वाद पेटला. एका डोंगराला न्यायालयाने वाचविले. पण धोरण तेच राहिले, तर भूक पुढच्या डोंगराकडे वळते. त्यातच २०२२ च्या वनसंवर्धन नियमांनी, केंद्राच्या अंतिम मंजुरीपूर्वी वनाधिकारांची पूर्तता पाहण्याची अट सैल करून ती जबाबदारी राज्यांवर ढकलली. आधी मंजुरी आणि मग संमती, हा तोच जुना क्रम आहे: आधी कारखाना, मग खाण.

याउलट, गावाच्या हाती निर्णय आल्यास काय घडते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा या गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. २०११ पासून ग्रामसभा स्वतः बांबू तोडू व विकू लागली. गावाने जंगल राखले, मजुरी दिली आणि हिशेब सर्वांसमोर मांडला. ग्रामसभेला विकास नको असतो, हा आक्षेप येथे निकालात निघतो. तिला आपल्या नावाने चाललेली लूट नको असते. त्याच जिल्ह्यात सुरजागडच्या लोहखनिजाचे उत्खनन वर्षाला ३० लाख टनांवरून १ कोटी टनांपर्यंत वाढविण्यास २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. एकाच जिल्ह्यात राष्ट्रापुढील दोन्ही वाटा शेजारी शेजारी दिसतात.

आता कामगारांचा प्रश्न. डिसेंबर २०१२ मध्ये बॉक्साइटअभावी लांजीगडचा कारखाना काही महिने बंद पडला. अशा वेळी कामगार व आदिवासी एकमेकांसमोर उभे राहतात आणि भांडवल बाजूला उभे राहून गंमत पाहते. कामगाराला रोजगार हवा, ही मागणी न्याय्यच आहे. तिला केवळ पर्यावरणाचे व्याख्यान हे उत्तर होऊ शकत नाही. यास्तव पक्षाच्या कार्यक्रमात चार गोष्टी एकत्र मांडल्या पाहिजेत.

पहिली, खाणपट्ट्याचा लिलाव पुकारण्यापूर्वीच ग्रामसभेची संमती अनिवार्य असावी आणि नकार हा अंतिम मानला जावा. दुसरी, खनिज विकून येणारा पैसा चालू खर्चात उडवू नये. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये गोव्यातील लोहखनिजाच्या विक्रीतून १० टक्के रक्कम कायमस्वरूपी निधीत ठेवण्याचा आदेश दिला. ते तत्त्व सर्व खनिजांना व अधिक मोठ्या प्रमाणात लागू व्हावे, कारण खनिज हा पुढच्या पिढ्यांचाही वारसा आहे. तिसरी, राज्याच्या अर्थसंकल्पासोबत जमीन, जंगल, पाणी व खनिज यांच्या घटीचे विवरणपत्र दरवर्षी विधिमंडळापुढे यावे. चौथी, खाण वा कारखाना बंद झाल्यास कामगाराच्या पर्यायी रोजगाराची व वेतनाची हमी मालक आणि शासन यांनी संयुक्तपणे द्यावी. पहिल्या मागणीसाठी आदिवासी लढतील आणि चौथीसाठी कामगार. त्या दोन्ही एकाच झेंड्याखाली आणणे हे पक्षाचे काम आहे. ते दुसरे कोणी करणार नाही.

हे सारे केल्याने राष्ट्र गरीब होईल, अशी भीती घातली जाते. ज्यांच्या डोंगरातून दशकानुदशके खनिज गेले, ती गावे श्रीमंत झाली काय, एवढाच प्रतिप्रश्न पुरेसा आहे. राष्ट्र म्हणजे शेअर बाजाराचा निर्देशांक नव्हे. डोंगरिया कोंधांच्या बारा सभांमध्ये ज्यांनी हात वर केले, तेही राष्ट्रच होते आणि त्या दिवशी त्यांनी ३९ व्या अनुच्छेदाचा अर्थ अनेक पंडितांहून स्पष्टपणे सांगितला. तो अर्थ गावोगावच्या ग्रामसभांत आणि कारखान्यांच्या फाटकांवर पोहोचविण्याचे काम कार्यकर्त्यांनी हाती घ्यावे.