वाघाच्या तोंडी आपले शब्द

आज मी चिरगाँवहून बोलतोय, झाशी जिल्ह्यातलं गाव. कवी मैथिलीशरण गुप्त १८८६ साली इथेच जन्मले. रामकथा सांगताना त्यांनी ‘साकेत’मध्ये मागे राहिलेल्या ऊर्मिलेला पुढे आणलं. कथा तीच, बघणारे डोळे वेगळे.

१९८८ मध्ये फ्रेंच दिग्दर्शक ज्याँ-जाक आनो यांनी ‘द बेअर’मध्ये असंच केलं. दगड कोसळून आई गेलेलं अस्वलाचं पिल्लू एका जखमी नराच्या मागे लागतं. संवाद अगदी मोजके. शिकारी आपल्याला पिल्लाच्या बाजूने दिसतात, म्हणून बंदुकीची भीती आपल्यालाही वाटते.

पण इथेच एक मोह असतो. २०१९ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वरमधून निघालेला ‘वॉकर’ वाघ बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. त्याची वाट रेडिओ कॉलरने सांगितली. तो एकाकी होता, दुःखी होता, हे कॉलर सांगत नाही. ते आपण त्याच्या तोंडी घालतो.

म्हणून कुणी त्याच्यावर सिनेमा काढलाच, तर रस्ते, शेतं, पाणवठे दाखवा आणि निवेदन कमी ठेवा. ऊर्मिला माणूस होती, तिला कवीचे शब्द शोभले. वाघाला शब्द देताना मात्र हात आखडता घ्या.