इसहाक : नावातले हसू

मराठी पवित्र शास्त्रात 'इसहाक' हे नाव आपण वाचतो आणि पुढे जातो. मूळ हिब्रू नाव 'यित्सहाक' असे आहे आणि ते क्रियापदाचे रूप आहे : 'तो हसतो', किंवा 'तो हसेल'. भाषेभाषेतून फिरताना त्यातले हसू गळून पडले. कोकणातल्या बेने इस्राएल समाजात 'हसाजी' असे एक नाव होते. १७९६ साली मुंबईत आपल्या समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर उभारणारे सॅम्युएल दिवेकर हे 'सामाजी हसाजी'च. पण गंमत अशी, की हा हसाजी म्हणजे इसहाक नव्हे, यहेज्केल!

हसणारा 'तो' कोण, हे मात्र नावावरून कळत नाही. 'उत्पत्ती'च्या सतराव्या अध्यायात अब्राहामाला पुत्रप्राप्तीचे वचन मिळते. शंभराव्या वर्षी मूल, आणि तेही नव्वदीच्या सारेला! तो पालथा पडतो आणि हसतो. मुलाचे नाव इसहाक ठेवण्याची आज्ञा या हसण्याच्या पाठोपाठ येते. पुढच्या अध्यायात पाहुण्यांचे बोलणे तंबूच्या दाराआडून ऐकून सारा मनातल्या मनात हसते. विचारल्यावर ती भिऊन नाकबूल जाते. पण तू हसलीसच, असे तिला सांगण्यात येते. त्या म्हातारीची ती तारांबळ मला फार जवळची वाटते.

मूल झाल्यावर देवाने आपल्याला हसवले असे तीच म्हणते. ऐकणारे मात्र तिच्याबरोबर हसणार, की तिला हसणार? हिब्रू शब्दातून दोन्ही अर्थ निघतात. भाषांतरकाराला एकाची निवड करावी लागते. पुढे हागारेच्या मुलाला, इश्माएलाला, घराबाहेर काढण्यात येते तेही याच धातूच्या एका रूपावरून. तो नुसता खेळत होता की कुचेष्टा करीत होता, यावर भाष्यकारांचे एकमत नाही.

अब्रामाचा अब्राहाम झाला, याकोबाचा इस्राएल झाला. इसहाकाचे नाव मात्र कधीच बदलले नाही. आईबापांना वचनावर विश्वास बसला नव्हता, ही गोष्ट मुलाने जन्मभर नावात वागवली. ग्रंथकाराने ती झाकली नाही, हे मला त्याचे मोठेपण वाटते.

मग बाविसावा अध्याय येतो. मोरियाच्या प्रदेशात बाप मुलाला घेऊन डोंगर चढतो. लाकडे मुलाच्या पाठीवर, विस्तव आणि सुरी बापाच्या हाती. होमासाठी कोकरू कोठे आहे, असे मुलगा विचारतो. या अध्यायात कोणी हसत नाही. हसू उरते ते केवळ त्या नावात, आणि हिब्रू वाचकाला ते दर वेळी ऐकू येते : वेदीवर बांधला जातो तो 'हसेल' नावाचा मुलगा.

तो वाचतो. पण तो स्वतः कधी हसला काय? तो धातू त्याच्याकडून एकदाच घडतो. गरारात जिवाच्या भीतीने त्याने रिबकेला आपली बहीण म्हणून सांगितले होते. एके दिवशी राजा अबीमलेख खिडकीतून सहज पाहतो, तो इसहाक रिबकेशी हसतखेळत असतो. ही बहीण नव्हे, पत्नी आहे, हे राजाने तेवढ्यावरून ओळखले.