रान बंद झालं की बकरी आजारी पडते

(पोशीर भागातल्या वाड्यांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोललं तसंच, थोडं नीट करून लिहिलं आहे.)



आजची बैठक वनहक्काच्या दाव्यांची आहे, आणि मी बोलणार आहे बकरीवर. काही जण हसले. पण बघा, आपल्यात किती घरं अशी आहेत की नावावर गुंठाभर जमीन नाही, पण दारात दोन-चार बकऱ्या आहेत? पोरगं आजारी पडलं, लग्न ठरलं, की आपण बोकड विकतो. बोकड नसला तर भट्टीवाल्याची उचल घेतो. उचल घेतली की दिवाळीनंतर अख्खं घर वीटभट्टीवर, आणि पोरांची शाळा सुटली. म्हणजे बकरी मेली तर नुसती बकरी मरत नाही.

त्या मरतात कधी, ते आठवून बघा. पहिला पाऊस पडतो, हिरवं येतं, आणि रात्री धडधाकट असलेलं करडू सकाळी पाय ताणून पडलेलं असतं. तेही सगळ्यात गुबगुबीत. आपण म्हणतो नजर लागली, बाहेरचं झालं. भगताचा मान आहे, तो राहू द्या. पण या दुखण्याला डॉक्टर आंत्रविषार म्हणतात. कोवळा चारा एकदम पोटभर खाल्ला की आतड्यातले जंतू वाढतात आणि त्यांचं विष अंगात भिनतं. मग औषधाला वेळच मिळत नाही. म्हणून लस पावसाच्या आधीच टोचायची. पहिल्या वर्षी दोनदा, मध्ये दोन-तीन आठवडे सोडून. आणि नवीन हिरव्यावर सोडायच्या आधी सकाळी थोडा सुका पाला नाहीतर पेंढा घालायचा.

दुसरा रोग पीपीआर. ताप येतो, नाकाडोळ्यांतून पाणी येतं, तोंड येतं, हगवण लागते. एकीला झाला की वाडीभर फिरतो. याची लस करडू तीन-चार महिन्यांचं झाल्यावर टोचली की साधारण तीन वर्षं पुरते. आजारी बकरी वेगळी बांधा, तिचं पाणी वेगळं ठेवा. बाजारातून आणलेली नवी बकरीसुद्धा दोन-तीन आठवडे आपल्यांत मिसळू नका.

तिसरं दुखणं जंताचं. हे हळूहळू मारतं. ओळखायला पैसे लागत नाहीत. बकरीच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघा. लाल-गुलाबी असली तर बरं आहे. पांढरी फटक असली तर जंत रक्त पितायत. जबड्याखाली पाणी धरल्यासारखी सूज आली तर लगेच दवाखाना गाठा. जंताचं औषध पावसाच्या आधी आणि पाऊस संपल्यावर द्यायचं, ते वजन बघून. बकरी गाभण असली तर डॉक्टरला आधी सांगा, कारण काही औषधांनी गाभाला धोका होतो.

आता मुद्द्याचं ऐका. जंताची अळी राहते कुठं? दव पडलेल्या आखूड गवतावर, जमिनीपासून वीतभर. भातखाचराच्या ओलीत गोगलगायी असतात, तिथल्या गवतावरून काळजातला चपटा जंत पोटात जातो. बकरी मुळात गवताची नाहीच, ती पाल्याची. मागच्या पायांवर उभी राहून बोर, करवंद, आपटा, उंबर ओरबाडते. तिथं वर जंत नसतो. पण रानातून हाकललं की ती कुठं जाणार? बांधावर आणि ओलीतच. म्हणजे रान बंद करणं आणि बकरीला दुखणं लावणं, हे एकच काम आहे. वर शेतकऱ्याशी भांडण आणि कोंडवाड्याचा दंड, तो वेगळाच.

1927 च्या वन कायद्यात ‘गुरं’ या शब्दात बकरी आणि तिचं करडूसुद्धा घातलेलं आहे. राखीव जंगलात परवानगीशिवाय चारलं तर गुन्हा. पण 2006 च्या वनहक्क कायद्याच्या कलम 3 मध्ये चराई हा आपला सामूहिक हक्क म्हणून लिहिला आहे. सामूहिक दाव्याच्या फॉर्ममध्ये चराईचा रकाना आहे. दळीच्या प्लॉटसाठी आपण रात्र-रात्र जागून कागद जमवतो, आणि हा रकाना कोरा सोडतो. ज्याच्याकडे दळी नाही, फक्त बकऱ्या आहेत, त्याचं या दाव्यात मग काय राहिलं?

पुरावा काय द्यायचा? जुनी चरायची जागा, गुरांचं पाणी प्यायचं ठिकाण, आणि म्हाताऱ्या माणसांचा लेखी जबाब. नियमात हे पुरावे धरले आहेत. एकावर थांबू नका, दोन-तीन जोडा. बकऱ्या राखणाऱ्या बाया आणि पोरं यांना कुठली वाट, कुठला झरा, सगळं ठाऊक आहे. नकाशा काढताना त्यांनाच पुढं घ्या.

साहेब लोक म्हणतात, बकरी जंगल खाते. नवीन फूट आलेल्या ठिकाणी सोडली तर खाते, हे खरं आहे. मग नियम आपणच करू. कोवळी फूट आहे तिथं बकरी नाही, एक बाजू चारली की दुसरी बंद. कायद्यानं जंगल राखायची जबाबदारीही आपल्यावर दिली आहे.

लसीचं एक अडतं. पीपीआरची लस एकदा कालवली की थोड्या तासांत संपवावी लागते. एका बाटलीत पुष्कळ बकऱ्यांचं औषध असतं. तीन बकऱ्यांसाठी डॉक्टर बाटली फोडत नाही. आणि लसीच्या वेळी, वैशाखात, आपली अर्धी वाडी भट्टीवर असते. म्हणून कामं अशी वाटून घेऊ:

1) प्रत्येक वाडीनं घरवार बकऱ्या मोजून यादी करायची. होळीला भट्टीवरून जे येतील त्यांच्याही धरायच्या.

2) सगळ्या वाड्यांचा एकच अर्ज पशुवैद्यकीय दवाखान्यात द्यायचा आणि पोच घ्यायची. तोंडी सांगून परत यायचं नाही.

3) भट्टीवर जाणाऱ्यानं बकऱ्या कुणाकडे ठेवल्या ते यादीत लिहायचं. ठेवणाऱ्यानं त्या लसीला आणायच्या.

4) पुढच्या बैठकीपर्यंत चराईचा रकाना भरलेला पाहिजे. ज्याला लिहिता येत नाही त्यानं सांगावं, मी लिहून देईन.

जमीन आपली, रानही आपलं, आणि त्यात चरणारी बकरीही आपली. जिंदाबाद!