बारा नग की बारा पेट्या?

एका कारखान्याचा संगणक दुसऱ्या कारखान्याच्या संगणकाला थेट ऑर्डर धाडतो. मध्ये कागद नाही, माणूस नाही. पण ‘१२’ म्हणजे बारा नग की बारा पेट्या? हे आधी ठरलं नसेल, तर चुकीचा माल ट्रकमध्ये चढतो.

अशा संदेशांचं मानक ठरवण्यासाठी अमेरिकेत १९७९ साली एक्स-१२ समिती स्थापन झाली. १९८७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकारातून एडिफॅक्ट हे दुसरं मानक आलं. म्हणजे मानकंच दोन! त्यातही प्रत्येक मोठा खरेदीदार आपली वेगळी नियमपुस्तिका देतो आणि जुळवाजुळवीचा खर्च लहान पुरवठादाराच्या माथी येतो. मला हे अन्यायाचं वाटतं.

भारतात १ ऑक्टोबर २०२० पासून जीएसटीच्या ई-इनव्हॉइसचा एकच साचा आला, सुरुवातीला ५०० कोटींवरील उलाढालीसाठी. त्यात बिलाची भाषा जुळली. खरेदीची ऑर्डर मात्र अजून ज्याच्या त्याच्या पद्धतीची.