नसबंदी फसली, तर जबाबदार कोण?
(कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)



सरकारी दवाखान्यात नसबंदी होऊनही दिवस गेले, की पहिला सवाल डॉक्टरला विचारला जात नाही. तो बाईला विचारला जातो, आणि तोही घरातच: हे मूल कोणाचं? तालुक्याच्या गावी काम करताना माझ्याकडे आलेल्या बहुतेक बायकांना पैशांच्या आधी एक गोष्ट हवी होती. चूक आपली नाही, हे कुणीतरी लिहून द्यावं. म्हणून भरपाईचा दावा हा माझ्या लेखी नुसता पैशाचा मामला नाही.

'सरकारवर कोण केस करणार?' असं आपण म्हणतो. हरियाणातल्या एका मजूर बाईने केली. पदरी सात मुलं, म्हणून १९८८ साली तिने सरकारी दवाखान्यात नसबंदी करून घेतली. डॉक्टरांनी उजवी नळी बंद केली, डावी तशीच राहिली. पुन्हा मूल झालं. खालच्या कोर्टाने ५४ हजार रुपये मंजूर केले. सरकार भांडत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २००० साली तिथंही हरलं. आपल्या डॉक्टरांच्या हलगर्जीपणाची भरपाई सरकारनेच द्यायची, असं न्यायालयाने ठरवलं.

पण २००५ साली पंजाबच्या एका खटल्यात त्याच न्यायालयाने म्हटलं, नसबंदी फसली एवढ्यावरून भरपाई मिळणार नाही. नीट केलेली शस्त्रक्रियाही क्वचित फसते. हलगर्जीपणा सिद्ध व्हायला हवा. आता तो सिद्ध कशाने करायचा? कागदांनी. केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, नसबंदीचं प्रमाणपत्र, सोनोग्राफीचा रिपोर्ट. दवाखाना देत नसेल तर माहिती अधिकारात अर्ज करा. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

आणखी एक कागद आहे, ज्यावर बाईचा अंगठा असतो पण तो तिला कुणी वाचून दाखवत नाही: संमतिपत्र. पाळी चुकली तर दोन आठवड्यांत दवाखान्यात कळवीन, असं त्यात तिने कबूल केलेलं असतं. योजनेपेक्षा जास्त भरपाई कोर्टात मागणार नाही, अशा अर्थाचं कलमही त्यात असतं. सरकारी वकील नेमकं तेच पुढे करतो. म्हणून शस्त्रक्रियेआधी तो फॉर्म वाचून दाखवणं हे आपलं काम आहे, आणि पाळी चुकल्यावर तारखेसह लेखी कळवून पोच घेणं हेही.

वाटा दोन आहेत. पहिली, सरकारची कुटुंब नियोजन भरपाई योजना. नसबंदी फसली, गुंतागुंत झाली किंवा बाई दगावली, तर तीत ठरावीक रक्कम मिळते. अर्ज ९० दिवसांत करायचा. दुसरी, दिवाणी दावा. त्याआधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० खाली सरकारला दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. जिथे सगळ्यांनाच उपचार मोफत असतात, अशा सरकारी दवाखान्याविरुद्ध ग्राहक न्यायालयात जाता येत नाही. वकिलाच्या फीची धास्ती नको: विधी सेवा कायद्याखाली कोणत्याही बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टातच समितीचं कार्यालय असतं.

दावे वर्षानुवर्षं चालतात, हे खरं आहे. पण आपण गप्प बसलो तर दोष बाईच्याच माथी राहतो, आणि पुढच्या शिबिरात तीच घाई, तोच निष्काळजीपणा. तेव्हा अशी बाई आली, की 'जाऊ दे' म्हणू नका. तिचे कागद गोळा करा, आणि घरच्यांशी बोलायला तिच्यासोबत जा.