दारात गोकर्णीचा वेल

नारायणगडच्या परिसरात एखाद्या सुनेने दारात फुलवेल लावायची गोष्ट काढली, तर घरातली वडीलधारी माणसे आधी विचारतील, "अगं, पण पाणी कुठून आणणार?" प्रश्न रास्तच आहे. १९७२ चा दुष्काळ बीड जिल्हा विसरलेला नाही. २०१६ मध्ये तर शेजारच्या लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. जिथे घागरीचा हिशेब होतो, तिथे फुलाला पाणी घालणे ही चैन वाटते. पण म्हणून दार ओकेबोके ठेवावे का? माझे म्हणणे एवढेच, की वेल आपल्या पाण्याच्या ऐपतीने निवडावा.

जाई-जुईचा वास कोणाला नको? पण त्यांना पाण्याची सवय असते आणि वेळच्या वेळी छाटणीही लागते. मधुमालती काटक खरी. संध्याकाळी पांढरी उमललेली तिची फुले पुढे गुलाबी, मग लाल होतात. पण ती अशी माजते, की पत्र्याच्या छपराला तिचा भार सोसवत नाही. आपल्या दाराला शोभतो तो गोकर्णीचा वेल. गाईच्या कानासारखे फूल, निळे किंवा पांढरे. हा वेल शेंगवर्गातला. मुळांवरच्या गाठींतून तो हवेतले नत्र मिळवतो. त्यामुळे मुरमाड जागेतही त्याचे भागते.

बी मात्र टणक असते. तसेच टाकले तर बरेचसे रुसून बसते. म्हणून ते खडबडीत दगडावर हलकेच घासावे आणि रात्रभर पाण्यात भिजत घालावे. सकाळी जे फुगले ते पेरावे. जे फुगले नाही ते पुन्हा घासावे. हातभर खोल खड्डा घ्या, त्यात गाळाची माती आणि चांगले कुजलेले शेणखत भरा आणि मृगाचा पाऊस पडला, की बी बोटाच्या एका पेराएवढे खोल लावा. वर चढायला तुराट्या किंवा पऱ्हाट्या रोवल्या, की काम झाले. वीतभर वाढल्यावर शेंडा खुडला, तर फुटवे अधिक येतात.

आषाढीला गडावर वारकऱ्यांची गर्दी होते, तेव्हा हा वेल जेमतेम काठी धरत असतो. श्रावणात मात्र शंकराला वाहायला फुले दारचीच मिळतात.

पाऊस ओढला, तर भाजी-तांदूळ धुतलेले पाणी बुडाशी घालावे. धुण्याच्या सोड्याचे पाणी मात्र नको. बुडाशी पाचट पसरले, की ओल टिकते. खरा शत्रू म्हणाल तर शेळी! गोकर्ण हा उत्तम चारा आहे, हे तिला आपल्याआधी कळते. तेव्हा वेल कमरेएवढा होईपर्यंत भोवती बाभळीच्या काट्या लावाच.

आणखी एक. मुलांना हे फूल फार आवडते. निळ्या फुलांच्या पाण्यात लिंबू पिळले, की ते जांभळे-गुलाबी होते. गंमत जरूर दाखवा, पण बिया त्यांच्या हाती देऊ नका. त्या रेचक आहेत, पोटात गेल्या तर जुलाब होतात.

शेंगा धरू लागल्या, की फुले कमी होतात. म्हणून कोवळ्या शेंगा खुडत राहावे. बियाण्यासाठी चार-सहाच ठेवाव्यात आणि त्या तपकिरी होताच, तडकण्यापूर्वी काढून घ्याव्यात. सावलीत वाळवून राखेत घालून ठेवल्या, की पुढच्या मृगाला तुम्हालाही पुरतील आणि शेजारणीलाही.